महागडे पिस्तूल : कधी घ्यावे, कधी थांबावे?

प्रतिनिधी, कर्जत

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात ब्राँझपदक मिळवले. त्यानंतर चारच दिवसांनी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक पटकावले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक प्रकारात मिळवलेले हे पहिले ऑलिम्पिक पदक होते. या दोन पदकांनी नेमबाजी हा खेळ घराघरांत पोहोचवला आणि त्याबरोबर एक खर्चिक प्रश्नही पोहोचवला. मुलाला किंवा मुलीला स्वतःचे पिस्तूल घेऊन द्यावे का? घ्यायचेच तर ऑलिम्पिकमध्ये दिसते तसे परदेशी बनावटीचे, लाखांच्या घरातील घ्यावे का?

कर्जत व खालापूर तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथील मुलांना सरावासाठी पनवेल गाठावे लागते, मोठ्या रेंजसाठी मुंबई किंवा पुणे. पिस्तुलाच्या किमतीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक पैसा या वाटेवर खर्च होतो. त्यामुळे पिस्तुलाच्या किमतीचा विचार त्या खर्चापासून वेगळा काढून करता येत नाही.

पिस्तूल म्हणजे कोणते?

येथे विचार केला आहे तो १० मीटर एअर पिस्तुलाचा. नेमबाजी शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांची सुरुवात याच प्रकाराने किंवा एअर रायफलने होते. यात काडतूस नसते. दाबाखाली साठवलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये, ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम भार लागला पाहिजे आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत मावले पाहिजे. दुर्बीण अथवा भिंग लावण्यास परवानगी नाही. पुढची आणि मागची साइट उघड्या डोळ्यांनी एका रेषेत आणावयाची असते. चष्मा मात्र चालतो.

स्पर्धेत नेमबाज एका हाताने, कोणताही आधार न घेता, ६० छर्रे झाडतो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. २०१८ पासून पुरुष व महिला दोघांनाही ६० छर्रेच झाडावे लागतात. त्यापूर्वी महिलांसाठी ही संख्या ४० होती. लक्ष्याच्या मध्यभागी असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. एकूण गुण ६००.

लाखांचे पैसे कशाचे?

ऑस्ट्रियाची स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी, जर्मनीच्या वॉल्थर व फाइनवेर्कबाऊ आणि इटलीची पार्दिनी या कंपन्यांची पिस्तुले जगभरातील स्पर्धांत दिसतात. आयात, कर आणि युरोचा दर यांनुसार किंमत बदलते. तथापि भारतात या श्रेणीतील पिस्तुलासाठी साधारणतः दीड ते अडीच लाख रुपये मोजावे लागतात.

महाग पिस्तूल अधिक अचूक असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अशा पिस्तुलासोबत कारखान्यातील चाचणीचे लक्ष्यपत्र येते. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून झाडलेल्या छर्‍यांची छिद्रे त्यावर एकमेकांत मिसळून गेलेली असतात. परंतु त्याहून स्वस्त, मध्यम किमतीचे स्पर्धात्मक पिस्तूलही शिकंज्यात बसवले तर दहाच्या वर्तुळाबाहेर सहसा जात नाही. शिकंज्याचा विचार केला तर दोघांत फारसे अंतर नाही. अंतर पडते ते पिस्तूल माणसाच्या हातात आल्यावर.

जादा पैसे प्रामुख्याने चार गोष्टींचे असतात. पहिली गोष्ट ट्रिगर. उत्तम ट्रिगर प्रत्येक वेळी त्याच भाराला, त्याच जागी सुटतो आणि त्याची जागा, कोन, पहिला व दुसरा टप्पा बोटानुसार जुळवून घेता येतो. दुसरी गोष्ट दस्ता. अक्रोडाच्या लाकडाचा हा दस्ता लहान, मध्यम, मोठा अशा मापांत व डाव्या-उजव्या हातासाठी वेगळा मिळतो आणि तळव्याखालची फळी वर-खाली सरकवता येते. तिसरी गोष्ट धक्का शोषणारी यंत्रणा. छर्रा सुटताना बसणारा बारीक हिसका ती कमी करते. चौथी गोष्ट तोल. लहान वजने पुढे-मागे सरकवून पिस्तूल हाताला हवे तसे जड अथवा हलके करता येते.

या चारही सोयी नेमबाजाला स्वतःची चूक कमी करण्यास साह्य करतात. चूक कोठे होते हे ज्याला अद्याप कळत नाही, त्याला त्यांचा उपयोगही करता येत नाही.

एका मिलिमीटरची किंमत

पिस्तुलाच्या दोन साइटमधील अंतर साधारणतः ३५ सेंटिमीटर असते. पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यापासून अवघी १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर बाजूला जातो. लक्ष्यावरील वर्तुळे ८ मिलिमीटरच्या अंतराने आहेत. म्हणजे दहाऐवजी सात गुण मिळतात. एका मिलिमीटरने तीन गुण जातात.

याउलट दोन्ही साइट एका रेषेत असतील आणि संपूर्ण हातच ५ मिलिमीटर बाजूला डोलला असेल, तर छर्राही ५ मिलिमीटरच बाजूला जातो. त्याची कड दहाच्या वर्तुळाला लागते आणि पूर्ण दहा गुण मिळतात. हात हलतो म्हणून नवशिका नेमबाज घाबरतो, घाईने ट्रिगर खेचतो आणि त्या खेचण्यात साइटची रेषा मोडते. गुण जातात ते बहुतांशी येथे. ही चूक पन्नास हजारांच्या पिस्तुलावर जितकी महाग पडते, तितकीच अडीच लाखांच्या पिस्तुलावरही पडते.

मग उत्तम पिस्तुलाला अर्थच नाही का? तसेही नाही. पॅरिसमध्ये भारताचा सरबज्योतसिंग पात्रता फेरीत ५७७ गुणांवर होता. आठव्या क्रमांकावरील जर्मन नेमबाजाचेही गुण ५७७ च होते. मात्र दहाच्या वर्तुळाच्या आत जे ५ मिलिमीटरचे लहान वर्तुळ असते, त्यात जर्मन नेमबाजाचे १७ छर्रे होते आणि सरबज्योतचे १६. एका छर्‍याने सरबज्योतची अंतिम फेरी हुकली. पुढे मनूसोबत मिश्र सांघिक प्रकारात त्याने ब्राँझपदक मिळवले. या उंचीवर ट्रिगरच्या सुटण्यातील केसाएवढा फरकही मोलाचा ठरतो.

प्रश्न असा, की शिकाऊ नेमबाज त्या उंचीच्या किती जवळ आहे? ५४० गुण म्हणजे दर छर्‍याला सरासरी ९, तर ५७० गुण म्हणजे सरासरी ९.५. पाचशेच्या आसपास गुण घेणारा नेमबाज दर स्पर्धेत शंभर गुण गमावत असतो. त्यांपैकी पिस्तुलामुळे गेलेले गुण बोटांवर मोजण्याइतके असतात.

तुर्कस्तानच्या यूसुफ दिकेच याने पॅरिसमध्ये साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवले. त्याचे छायाचित्र जगभर गाजले आणि साधनांना महत्त्व नसते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो चुकीचा होता. दिकेचने वगळले होते ते नेमबाजीचे खास चष्मे व झापडे. त्याच्या हातातले पिस्तूल मात्र उच्च प्रतीचे स्पर्धा पिस्तूलच होते. कोणत्या साधनावाचून आपले अडत नाही आणि कोणत्या साधनावाचून अडते, हे अनेक वर्षांच्या अनुभवाने त्याला ठाऊक होते. नवशिक्याकडे नेमके हेच ज्ञान नसते.

कर्जत-खालापूरचा हिशेब

या परिसराला सर्वांत जवळचे नेमबाजी केंद्र पनवेलचे. ऑलिम्पिकपटू सुमा शिरूर यांनी स्थापन केलेल्या लक्ष्य शूटिंग क्लबमुळे कर्नाळा स्पोर्ट्स अॅकॅडमीचे नाव नेमबाजीच्या क्षेत्रात परिचित झाले. कर्जतहून चौकमार्गे किंवा खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पनवेल साधारणतः तीस ते चाळीस किलोमीटर पडते. वरळीची रेंज गाठायची तर कर्जतहून लोकलचा जवळपास शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातील रेंजसाठी बोरघाट चढून जावे लागते. शाळा, शिकवणी आणि प्रवास सांभाळून आठवड्यातून चार दिवस रेंजवर जाणे हेच येथील मुलासाठी मोठे काम ठरते.

वर्षाचा खर्च उदाहरणादाखल मांडून पाहता येईल. दिवसाला ८० छर्रे, आठवड्यातून चार दिवस आणि वर्षाचे ५० आठवडे धरले, तर १६ हजार छर्रे लागतात. ५०० छर्‍यांचा डबा हजार रुपयांना धरला, तर ३२ डब्यांचे ३२ हजार रुपये होतात. दोनशे दिवसांचा प्रवास दिवसाला दीडशे रुपये दराने ३० हजारांचा होतो. रेंज व प्रशिक्षण यांचे शुल्क महिन्याला तीन हजार धरल्यास ३६ हजार. एकूण ९८ हजार रुपये. प्रत्यक्ष दर केंद्रानुसार कमी-अधिक असतील आणि प्रत्येक कुटुंबाने आपले आकडे यात घालून पाहावेत. पण हिशेबाची पद्धत हीच राहील.

आता पिस्तूल एक लाख ८० हजारांचे आणि दहा वर्षे वापरायचे, असे धरले तर वर्षाला १८ हजार रुपये पडतात. म्हणजे एकूण वार्षिक खर्चाच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. ज्या घरात सरावाचा खर्च सलग काही वर्षे निश्चित चालणार आहे, तेथे उत्तम पिस्तूल ही चैन ठरत नाही.

हाच हिशेब उलट बाजूनेही वाचला पाहिजे. एक लाख ८० हजार रुपयांत जवळपास २२ महिन्यांचा सराव होतो. कर्ज काढून किंवा साठवलेली पुंजी एकदम मोडून पिस्तूल घेतले आणि पुढे पनवेलच्या प्रवासाला व छर्‍यांना पैसे उरले नाहीत, तर ते पिस्तूल कपाटातच पडून राहते. जमिनीच्या व्यवहारातून एकरकमी पैसा हाती आलेल्या घरांनी या बाबतीत विशेष सावध राहावे. एकदाच मोठी रक्कम देणे सोपे वाटते, पण दरमहा आठ हजार रुपये आणि आठवड्यातील चार संध्याकाळी देत राहणे अवघड असते. खेळाडू घडतो तो या दुसऱ्या खर्चातून.

स्वप्नील कुसाळेचे उदाहरण येथे बोलके आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो पुढे आला आणि २०१५ मध्ये मध्य रेल्वेत नोकरी लागल्यानंतर त्याने स्वतःची रायफल घेतली. तोवर त्याच्या गाठी अनेक वर्षांचा सराव जमा झाला होता.

वेळ आली हे कसे ओळखावे?

सुरुवातीचे किमान सहा महिने ते वर्ष क्लबच्या पिस्तुलावर काढणे हितावह असते. या काळात आवड टिकते का, प्रवास झेपतो का आणि हाताची ठेवण कशी आहे, हे कळते. बारा-तेरा वर्षांच्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांचा तळहात अजून वाढत असतो. आज मापात बसवून घेतलेला दस्ता दोन वर्षांनी लहान होतो. सुमारे एक किलो वजन एका हाताने लांब धरून साठ वेळा उचलायचे असल्याने खांद्यावरही ताण येतो. काही कंपन्या कमी लांबीची, हलकी मॉडेल्स बनवतात. लहान वयात ती अधिक सोयीची ठरतात.

खरेदीची वेळ आली आहे का, हे ठरवण्यासाठी प्रशिक्षकाच्या मदतीने तीन चाचण्या घेता येतात.

पहिली चाचणी अंदाजाची. प्रत्येक छर्रा सुटल्यावर, लक्ष्याकडे पाहण्यापूर्वी, तो कोठे लागला असेल हे नेमबाजाने सांगायचे. अंदाज आणि प्रत्यक्ष मारा बहुतेक वेळा जुळत असेल, तर चूक कोठे झाली हे त्याला कळू लागले आहे. अंदाज जुळतच नसेल, तर नवे पिस्तूल घेऊनही तो जुळणार नाही. अनुभवी नेमबाजाचा अंदाज सातत्याने एकाच बाजूला चुकत असेल, तर मात्र पिस्तूल किंवा छर्रे तपासावेत.

दुसरी चाचणी शिकंज्याची. सध्याचे पिस्तूल शिकंज्यात बसवून, हातात आहेत त्याच छर्‍यांनी मारा करावा. सर्व छर्रे दहाच्या वर्तुळात पडत असतील, तर गुण पिस्तुलामुळे जात नाहीत. मारा विखुरत असेल, तर आधी दुसऱ्या बनावटीचे छर्रे वापरून पाहावेत. काही वेळा काही हजारांच्या छर्‍यांनीच प्रश्न सुटतो.

तिसरी चाचणी तुलनेची. महागडे पिस्तूल महिनाभर उसने किंवा क्लबमार्फत वापरायला मिळाले, तर त्यावर ६० छर्‍यांच्या दहा पूर्ण फेऱ्या खेळाव्यात आणि जुन्या पिस्तुलावरील दहा फेऱ्यांशी त्यांची तुलना करावी. जुन्या पिस्तुलावरच गुण कधी ५२० तर कधी ५४५ असे हेलकावे खात असतील आणि नव्यावर सरासरी चार गुणांनी वाढली असेल, तर त्या चार गुणांना अर्थ नाही. गुण एका मर्यादेवर स्थिर झालेले असून नव्या पिस्तुलावर सरासरी स्पष्टपणे वर सरकत असेल, तर खरेदीला आधार आहे. पहिल्या दोन दिवसांच्या गुणांवरून निर्णय घेऊ नये. नव्या वस्तूचा उत्साहही काही गुण मिळवून देतो आणि तो लवकरच ओसरतो.

जुने घ्यावे का?

नेमबाजीत वापरलेल्या पिस्तुलांची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर होते आणि मध्यम उत्पन्नाच्या घरासाठी तो चांगला मार्ग आहे. मात्र काही गोष्टी पाहून घेतल्या पाहिजेत. हवेच्या नळकांड्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते. अनेक उत्पादक नळकांड्यासाठी साधारणतः दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपत आलेले नळकांडे बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. मूळ बिल आणि पिस्तुलावरील क्रमांक जुळतात का, हे तपासावे. भरलेले नळकांडे रात्रभर ठेवून सकाळी दाब उतरला आहे का, ते पाहावे. ट्रिगर ५०० ग्रॅमचे वजन उचलतो का, याची खात्री करावी. अन्यथा स्पर्धेपूर्वीच्या साधन तपासणीत पिस्तूल बाद होईल. दस्ता कोणत्या हातासाठी व कोणत्या मापाचा आहे, हे विसरू नये. सुटे भाग व दुरुस्ती कोठे मिळते, हा प्रश्न नव्या पिस्तुलाबाबतही आधी विचारावा.

पाऊस, हवा आणि बिघाड

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. लाकडी दस्ता ओल धरतो, पोलादी भागांना गंज चढतो आणि पंपाने भरलेल्या हवेबरोबर बाष्प नळकांड्यात जाते. पिस्तूल बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. ओल्या पेटीत ते तसेच राहू देऊ नये. हातपंपाला बाष्प शोषणारा फिल्टर असावा. नळकांड्यातील दाब २०० बारपर्यंत असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या जवळपास ९० पट. त्यामुळे झडपेला साधे तेल लावणे किंवा नळकांड्यात प्राणवायू भरणे धोक्याचे आहे. उत्पादकाने सांगितलेले वंगणच वापरावे.

महाग पिस्तूल बिघडत नाही, असेही नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत ऐन स्पर्धेत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गेला आणि नियमानुसार तो वेळ तिला परत मिळाला नाही. ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी आठ जणींची होती. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये ५८० गुणांसह तिने अंतिम फेरी गाठली. जगातील उत्तम पिस्तुलालाही देखभाल, सुटे भाग व पर्यायी व्यवस्था लागते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असलेल्या पिस्तुलाला त्यात बॅटरीची भर पडते. रेंजपासून दूर राहणाऱ्याने साधी रचना आणि जवळ मिळणारी दुरुस्ती यांना अधिक महत्त्व द्यावे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यास आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्रांना परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने जातो; त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास भरते. तरीही खरेदीच्या वेळी ओळख व पत्त्याचा पुरावा द्यावा आणि बिल जपून ठेवावे. दिसायला हे खरे पिस्तूलच असते. एसटीत किंवा लोकलमध्ये ते पेटीबाहेर काढणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण देणे होय. नेताना ते रिकामे, कुलूपबंद पेटीत असावे आणि सोबत बिल व क्लबचे ओळखपत्र ठेवावे. घरी मोठ्यांच्या देखरेखीशिवाय ते लहान मुलांच्या हाती देऊ नये. सहा ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो.

२५ मीटर प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराचे पॉइंट टू टू पिस्तूल मात्र अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना अनिवार्य असून रायगड ग्रामीण भागासाठी अर्ज अलिबागला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये काडतुसाच्या पिस्तुलांवरील व रिव्हॉल्व्हरवरील जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. एअर पिस्तुले कराच्या वेगळ्या शीर्षकाखाली येतात. ही वाढ त्यांना लागू नाही. दोन्हींच्या किमतींची सरमिसळ करू नये.

घरचा सराव

रेंज दूर असलेल्या नेमबाजाला एक साधन फुकट उपलब्ध आहे. रिकाम्या पिस्तुलाने, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत, साइट एका रेषेत ठेवून ट्रिगर सोडण्याचा सराव करता येतो. यात छर्रा लागत नाही आणि प्रवासही नाही. एक मिलिमीटरची चूक याच सरावाने कमी होते. रोज अर्धा तास हा सराव करणारा आणि आठवड्यातून दोनदा पनवेलला जाणारा मुलगा, केवळ रेंजवरच पिस्तूल हाती घेणाऱ्यापेक्षा पुढे जाण्याची शक्यता अधिक असते.

स्वतःचे पिस्तूल असण्याचा येथील मुलांसाठी सर्वांत ठोस फायदा हाच आहे. क्लबचे पिस्तूल घरी आणता येत नाही. त्यामुळे अनेकदा योग्य पायरी थेट अडीच लाखांची नसते. वर्षभराच्या सरावानंतर मध्यम किमतीचे किंवा चांगल्या स्थितीतील वापरलेले पिस्तूल घ्यावे, त्यावर घरचा सराव वाढवावा आणि गुण स्थिरावल्यावर उच्च प्रतीच्या पिस्तुलाचा विचार करावा, हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे. नीट जपलेले पिस्तूल पुढे विकताही येते.

अपेक्षा आणि वास्तव

पिस्तूल घेताना पालकांच्या मनात पदकाबरोबर इतरही हिशेब असतात. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, परीक्षांत वाढीव गुण आहेत, रेल्वे व पोलीस दलात क्रीडाकोट्यातून भरती होते. हे सर्व खरे आहे. पण ते कामगिरीवर मिळते. जिल्हा, राज्य, मग लोकसभेचे पहिले अध्यक्ष आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना करणारे ग. वा. मावळणकर यांच्या नावाची स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय अजिंक्यपद, अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर ठरावीक गुण मिळवावे लागतात.

म्हणूनच दुकानात जाण्यापूर्वी घरात एक प्रश्न विचारला जावा. पिस्तुलाचे पैसे दिल्यानंतर पुढची दोन वर्षे प्रवास, छर्रे आणि प्रशिक्षण यांचा खर्च सुरू राहील का? उत्तर होय असेल आणि मुलाचे गुण पिस्तुलापाशी येऊन अडले असतील, तर लाखांचे पिस्तूल किमतीला पुरेपूर उतरते. उत्तर नाही असेल, तर तेच पैसे सरावासाठी राखून ठेवावेत. पिस्तूल दोन वर्षांनीही घेता येते. चौदाव्या-पंधराव्या वर्षातील चुकलेला सराव मात्र नंतर भरून निघणे कठीण असते.